स्वादुपिंडाच्या आजारांवरची औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वादुपिंड म्हणजे पॅनक्रिया. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी पडलेली वीतभर लांबीची ग्रंथी. ती अन्न पचवणारा रस आतड्यात सोडते आणि इन्सुलिन रक्तात. खाली सांगितलेली बरीचशी औषधं ही ग्रंथी दुरुस्त करत नाहीत, तिचं बुडालेलं काम बाहेरून भरून काढतात. त्यामुळे इथे औषधाच्या नावाइतकंच ते कधी आणि कशासोबत घेतलं याला महत्त्व आहे. मात्रा दिल्या आहेत त्या डॉक्टरांचं बोलणं नीट कळावं म्हणून. त्या वाचून स्वतःची गोळी स्वतः बदलू नका.

डॉक्टरांनी ‘पॅन ४०’ दिली आहे. म्हणजे मला पॅनक्रियाचा आजार आहे का?

नाही. हे ‘पॅन’ पॅन्टोप्रॅझोलचं आहे. जठरातलं आम्ल कमी करणारी ती गोळी आहे आणि पॅनक्रियाशी तिचा थेट संबंध नाही. स्वादुपिंडाच्या सुजेवरही ती उपाय नाही. मात्र एन्झाइमच्या (अन्न पचवणाऱ्या रसायनांच्या) कॅप्सूल नीट काम करत नसतील तेव्हा तिचा खरा उपयोग होतो, तो पुढे येईलच.

सोनोग्राफीत ‘बल्की पॅनक्रिया’ (फुगलेलं स्वादुपिंड) लिहून आलंय, पण दुखत काहीच नाही. औषध सुरू करायचं का?

नुसत्या त्या शब्दावर नाही. तीव्र सूज म्हणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पोटाच्या वरच्या भागातली ठरावीक प्रकारची जोरदार वेदना, रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडाची एन्झाइम) वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सीटी, एमआरआय किंवा सोनोग्राफीत दिसणारा बदल. सोनोग्राफीत आतड्यातल्या वायूमुळे ही ग्रंथी अनेकदा अर्धीच दिसते. लायपेज थोडंसं वाढलेलं असेल तर किडनीच्या आजारातही तसं होतं. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, औषधाच्या दुकानदाराला नको.

अचानक आलेल्या सुजेवर नेमकं औषध कोणतं?

सूज मुळातून थांबवणारं औषध आजही नाही. पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात मोलाचं औषध म्हणजे सलाइन, बहुतेक ठिकाणी रिंगर लॅक्टेट. सुजेमुळे रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं, ग्रंथीचा रक्तपुरवठा आणखी घटतो आणि भाग मरायला लागतो. ते टाळण्यासाठी पाणी.

त्याच्या जोडीला वेदनाशामक, उलटीचं औषध, आणि कारण सापडलं की त्या कारणाचा इलाज. पित्ताशयातल्या खड्याने सूज आली असेल आणि ती सौम्य असेल, तर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया त्याच भरतीत उरकणं उत्तम. ‘महिन्याभराने बघू’ म्हणत घरी गेलेले कित्येक जण त्या महिन्यातच दुसरा झटका घेऊन परत येतात. खडे विरघळवणाऱ्या गोळ्या हा त्याला पर्याय नाही.

सलाइन इतकं हळू का चाललंय? सिस्टरला वेग वाढवायला सांगू का?

नका सांगू. पूर्वी बाटल्यांवर बाटल्या धावत चढवत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ चाचणीत दोन्ही पद्धती समोरासमोर तपासल्या गेल्या. भराभर पाणी दिलेल्यांपैकी सुमारे २० टक्के रुग्णांच्या अंगात पाणी साठलं, बेताने दिलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि सूज गंभीर होण्यात भराभर देण्याचा काही फायदा दिसला नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. बेताचा वेग म्हणजे ताशी दर किलोला दीड मिली. ६० किलोच्या माणसाला तासाला ९० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली साडेपाच तास पुरते. शरीरातलं पाणी खूपच कमी झालं असेल तर सुरुवातीला जास्त देतात.

वेगापेक्षा लघवी मोजण्यात मदत करा. किती वाजता किती मिली झाली हे कागदावर लिहून ठेवलंत तर डॉक्टरांना पुढचा वेग ठरवता येतो.

‘पोटाला विश्रांती’ म्हणून किती दिवस उपाशी ठेवायचं?

ही समजूत जुनी झाली. उलट्या थांबल्या आणि भूक लागली की पहिल्या २४ तासांतही तोंडाने सुरू करतात: मऊ मुगाची खिचडी, वरणभात, तूप न घालता. खाणं जातच नसेल तर नाकातून नळी. शिरेतून पोषण देणं अगदी शेवटी, कारण आतडं रिकामं राहिलं की त्याचं अस्तर कमकुवत होतं आणि आतले जंतू रक्तात शिरायला वाट मिळते.

ताप आहे, पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत, तरी अँटिबायोटिक का देत नाहीत?

पहिल्या आठवड्यातला ताप आणि पेशींची वाढ बहुधा सुजेचीच असते, जंतूंची नव्हे. प्रतिबंध म्हणून दिलेल्या अँटिबायोटिकने मेलेल्या भागात जंतुसंसर्ग टळतो असं दिसलेलं नाही. उलट नंतर बुरशीचा आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा त्रास वाढतो. पित्तनलिकेत संसर्ग असेल, किंवा दुसऱ्या आठवड्यानंतर पुन्हा ताप चढला आणि मेलेल्या भागात संसर्गाची खूण दिसली, तर मात्र देतात. तेव्हाची औषधं जोरदार असतात आणि ती त्यासाठीच राखून ठेवायची असतात.

आयसीयूतून महागड्या ‘युलिनास्टॅटिन’ची चिठ्ठी आली आहे. आणलंच पाहिजे का?

हे मानवी मूत्रातून वेगळं काढलेलं प्रथिन आहे. पाचकरस ग्रंथीलाच पचवायला लागतात त्याला ते आवर घालेल, अशी त्यामागची कल्पना. जपान, चीन आणि भारतात ते वापरलं जातं. पुरावा मात्र इतका भक्कम नाही की सगळीकडे ते देण्याची शिफारस व्हावी. ग्रंथीचा रस कमी करणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडचंही तसंच. पैशांची ओढाताण असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हे नाही दिलं तर काय बदलेल?’ त्यात अपमान काही नाही. कर्ज काढून आणलं नाही म्हणून माणूस गेला, असं मनाला लावून घेण्यासारखं हे औषध नाही.

रुग्ण रोज दारू पितो. डॉक्टरांना सांगायलाच हवं का?

हो, आणि खरा आकडा सांगा: क्वार्टर, हाफ, किती वर्षं, शेवटची कधी. भरतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भास, फिट येणं हे दारू अचानक तुटल्यामुळे होतं. माहीत असेल तर लोराझेपाम किंवा त्याच गटातली औषधं आणि थायमिन (जीवनसत्त्व बी१) वेळेवर सुरू करता येतात. थायमिन ग्लुकोजच्या आधी द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. लपवाछपवीत हे सगळं हुकतं.

ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांवर करायचा उपचार) करायची आहे. त्यानेच सूज येते म्हणतात, ते खरं का?

येऊ शकते. ती टाळण्यासाठी इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅकची १०० मिलिग्रॅमची गुदद्वारातून द्यायची वडी वापरतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जास्त धोका असलेल्यांमध्ये, इंडोमेथासिनने सुजेचं प्रमाण सुमारे १७ वरून ९ टक्क्यांवर आलं. स्वस्त वडी आहे आणि म्हणूनच कधीकधी दुकानात नसते, आदल्या दिवशीच विचारून ठेवा. किडनीचा आजार, अल्सर किंवा वेदनाशामकांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

माझ्या चालू गोळ्यांमुळे सूज आली असेल का?

शक्य आहे. अझाथायोप्रिन (बहुधा पहिल्या काही आठवड्यांत), व्हॅल्प्रोएट आणि रक्ताच्या कर्करोगातलं ॲस्पॅरॅजिनेज यांचा संबंध चांगला माहीत आहे. साखरेसाठी किंवा वजन कमी करण्यासाठी आठवड्याला घ्यायची जीएलपी-१ गटाची इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा. एकदा सूज येऊन गेलेल्यांनी ती पुन्हा स्वतःहून सुरू करू नयेत. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, १,००० च्या वर गेलं तरी सूज येते. तिथे फेनोफायब्रेट, तेल-तूप-साखरेवर कडक आवर आणि दारू पूर्ण बंद, आणि आकडा कायम ५०० च्या खाली ठेवायचा.

जुनाट सुजेत एन्झाइमच्या कॅप्सूल देतात. त्यात नक्की काय असतं?

डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं पॅन्क्रिएटिन: चरबी पचवणारं लायपेज, प्रथिनं पचवणारे प्रोटिएज, पिष्ट पचवणारं अमायलेज. कॅप्सूलच्या आत बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर आम्लात न विरघळणारं आवरण. जठरातून दाणे सुखरूप पुढे जातात आणि लहान आतड्यात आम्लता कमी झाली (पीएच ५.५ च्या वर) की फुटतात. पाकिटावरचा १०,०००, २५,००० हा आकडा लायपेजची युनिटं सांगतो, मिलिग्रॅम नव्हे. दोन कंपन्यांची पाकिटं ताडून बघायची तर हाच आकडा बघा.

पचनासाठी मिळणारं गोड सिरप किंवा साधी पाचक गोळी घेतली तर चालणार नाही?

नाही. त्यांत बहुतेक वेळा बुरशीपासून केलेलं डायास्टेज आणि पेप्सिन किंवा पपेन असतं. लायपेज नसतंच किंवा नावापुरतं असतं. आणि या आजारात अडतं ते चरबीपाशी.

शौचात तेल जातंय हे कसं ओळखायचं? तपासणी कोणती?

शौच फिकट, चिकट, फार घाण वासाचं, भांड्याला चिकटून राहणारं, पाणी टाकूनही न जाणारं. कधी पाण्यावर तेलाचे थेंब. वजन उतरतं. पण तेल दिसत नाही म्हणून पचन ठीक आहे असं नाही, कारण आपण नकळत तेलकट खाणं कमी केलेलं असतं.

तपासणी म्हणजे शौचातलं इलास्टेज, स्वादुपिंडातून येणारं एक एन्झाइम. दर ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमच्या खाली कमी, १०० च्या खाली बरंच कमी. नमुना पातळ जुलाबाचा देऊ नका, पाण्याने आकडा खोटा खाली येतो. एन्झाइम चालू असली तरी ही तपासणी करता येते, कारण ती फक्त माणसाचं इलास्टेज मोजते.

किती कॅप्सूल, कधी?

मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० युनिट आणि मधल्या खाण्याला २०,००० ते २५,००० ही सुरुवात. म्हणजे २५,००० ची कॅप्सूल असेल तर जेवणाला दोन, नाश्त्याच्या बशीला एक. पुढे शौच आणि वजन बघून वाढवतात. वरची मर्यादा दिवसाला दर किलो १०,००० युनिट. मुलांमध्ये फार मोठ्या मात्रांनी मोठं आतडं आकसल्याचे प्रकार घडले होते, म्हणून ही मर्यादा आली.

वेळ मात्र काटेकोर. पहिल्या घासाबरोबर एक, जेवण अर्ध्यावर आलं की दुसरी. जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तर दाणे अन्नाच्या पुढे निघून जातात. जेवून उठल्यावर घेतली तर अन्न पुढे निघून जातं. औषधाच्या पाकिटावर ‘जेवणानंतर’ असा शिक्का मारायची आपल्याकडे सवयच आहे, तो इथे चुकीचा. डॉक्टरांनी इंग्रजीत ‘जेवणासोबत’ लिहिलेलं दुकानदाराने ‘जेवणानंतर’ म्हणून समजावलं, एवढ्यावरून महिनोन्‌महिने औषध फुकट गेलेलं असतं.

गिळायची गार किंवा साध्या पाण्याने. चहाबरोबर नको. चावायची नाही, कुटायची नाही. तोंडात दाणे फुटले तर हिरड्या आणि जीभ सोलवटते. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात किंवा आंबटसर दह्यात घाला आणि न चावता लगेच गिळा. गरम वरणभातात किंवा दुधात घालू नका, तिथेच आवरण विरघळतं.

विसरलात आणि ताटावरून उठून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील तर अजून घेता येते. तासाभराने घेण्यात अर्थ नाही. पुढच्या जेवणाला दुप्पट करू नका.

नोकरी, लोकल, बाहेरचं खाणं. हे हिशेब कसे जमवायचे?

हिशेब चरबीचा धरा. कोरा चहा, फळ, लिंबूसरबत, ताक: काही नको. दुधाचा चहा आणि दोन मारी बिस्किटं: बहुतेकांना नको. कपभर दूध किंवा चहा-खारी: १०,०००. वडापाव किंवा समोसा: २५,०००. डब्यातली पोळी-भाजी-आमटी-भात: ५०,०००. मिसळीवर तर्री ओतून घेणार असाल, किंवा पावभाजी असेल, तर पूर्ण जेवणच धरा. उपास हा फसवा प्रकार: दाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी म्हणजे डब्यातल्या जेवणापेक्षा जास्त चरबी. लग्नाच्या पंगतीत पाऊण तास खाणं चालतं, तिथे मात्रा तीन ठिकाणी विभागा.

दोन कॅप्सूल डब्याच्या झाकणाला चिकटवलेल्या छोट्या पिशवीत ठेवल्या की विसरत नाहीत. पण डबा गरम भरत असाल तर पिशवी वेगळ्या कप्प्यात.

मुंबईच्या उन्हाळ्यात कॅप्सूल कुठे ठेवायच्या?

बहुतेक पाकिटांवर २५ अंशांखाली असं लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात आपल्या घरात ते शक्य नसतं. घरातलं सगळ्यात गार, कोरडं कपाट शोधा. गॅसच्या वरची फळी, खिडकी, स्कूटरची डिकी, उन्हात उभी गाडी या चार जागा नकोत. उष्णतेने लायपेज सगळ्यात आधी मरतं, आणि कॅप्सूल वरून तशीच दिसते. बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका. पावसाळ्यात कॅप्सूल एकमेकींना चिकटायला लागल्या तर ती बाटली बाद समजा. सहा महिन्यांचा साठा एकदम घेऊन ठेवण्यापेक्षा महिन्याचा घ्या.

आम्ही शाकाहारी आहोत. डुकराचं औषध कसं घेणार?

हा प्रश्न जैन, वैष्णव, वारकरी, मुसलमान सगळ्यांकडून येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सत्य एवढंच की याच्या तोडीचा वनस्पतीजन्य किंवा बुरशीजन्य पर्याय आज औषधाच्या दुकानात नाही. अनेक धर्मगुरूंनी जीव वाचवण्यासाठी, पर्याय नसताना घेतलेल्या औषधाला मोकळीक दिलेली आहे. आपापल्या गुरूंना विचारा. घ्यायचं नाही असंच ठरलं तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, म्हणजे ते जीवनसत्त्वं आणि आहाराची वेगळी आखणी करतील. न सांगता कॅप्सूल कचऱ्यात टाकणं सगळ्यात वाईट, कारण मग डॉक्टर ‘फरक नाही’ म्हणून मात्रा वाढवत बसतात.

महिना झाला, फरक नाही. आता?

या क्रमाने बघा. आधी वेळ: खरंच घासासोबत घेतली जाते का. मग मात्रा: १०,००० ची एक कॅप्सूल दिवसातून तीनदा, ही आपल्याकडे फार दिसणारी चिठ्ठी आहे आणि ती जवळजवळ नेहमीच अपुरी असते. मग साठवण. हे तिन्ही बरोबर असेल तर आम्लाची गोळी जोडतात: निकामी स्वादुपिंड आतड्यात पुरेसं क्षारयुक्त पाणी सोडत नाही, तिथे आम्लता राहते आणि दाणे उशिरा फुटतात. इथे पॅन्टोप्रॅझोल कामी येतं. तरीही जुलाब राहिले तर लहान आतड्यात जंतू माजले आहेत का ते बघून रिफॅक्सिमिनसारखं औषध, आणि जिआर्डिया (आतड्यातला परजीवी) किंवा सेलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनने होणारा त्रास) असा दुसराच आजार नाही ना, याचा शोध. इसबगोल आणि फार कोंडायुक्त खाणंही एन्झाइमना अडवतं.

आणि तेल-तूप सगळं बंद करू नका. एन्झाइम पुरेशी असतील तर साधं घरचं जेवण जेवायचं. चरबी तोडली की वजन आणखी उतरतं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं वर्षातून एकदा तपासावीत, विशेषतः ड. हाडांची घनताही, कारण या रुग्णांत हाडं लवकर ठिसूळ होतात.

दुखणं थांबतच नाही. रोज गोळी किंवा इंजेक्शन घेतो.

पहिली दोन ‘औषधं’ दुकानात मिळत नाहीत: दारू बंद आणि विडी-सिगारेट-तंबाखू बंद. दारूचं सगळे सांगतात, तंबाखूचं कमी सांगितलं जातं, पण आजार पुढे सरकवण्यात तिचा स्वतंत्र वाटा आहे.

गोळ्यांत पॅरासिटामॉलपासून सुरुवात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन चार दिवस ठीक, महिनोन्‌महिने घेतल्यास किडनी आणि जठर दोन्ही जातात. पुढे ट्रामाडॉल ५० मिलिग्रॅम, त्याने बद्धकोष्ठ आणि मळमळ होते. फिटचा आजार असेल तर टाळतात. जुनाट वेदनेत नसाच चिडलेल्या असतात, त्यावर प्रिगॅबालिनचा उपयोग होतो. ७५ मिलिग्रॅम दोनदा अशा मात्रेने सुरू करतात. पहिले आठ-दहा दिवस गुंगी येते, त्या दिवसांत लोकलच्या दारात उभं राहू नका आणि बाइक चालवू नका. अचानक बंदही करू नका.

गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन पेंटाझोसिनचं (अफूच्या गटातल्या वेदनाशामकाचं) इंजेक्शन टोचून घेण्याची सवय मात्र घातक. व्यसन लागतं, शिरा आणि स्नायू कडक होतात, आणि आतला अडकलेला खडा तसाच राहतो. नलिकेतल्या खड्यामुळे किंवा अरुंदपणामुळे दुखत असेल तर उपाय एंडोस्कोपी, खडा फोडणं किंवा शस्त्रक्रिया. वर्षानुवर्षं गोळ्या वाढवत नेण्यापेक्षा हे वेळेत विचारलेलं बरं.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांबद्दल: दिल्लीच्या एम्समध्ये १२७ रुग्णांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेलेनियम, जीवनसत्त्व क आणि ई, बीटाकॅरोटीन व मेथिओनिन एकत्र दिल्यावर वेदनेचे दिवस कमी झाले. २०१२ च्या ब्रिटिश चाचणीत फरक पडला नाही. तिथले रुग्ण वयाने मोठे आणि बहुतांश दारूमुळे आजारी, इकडचे तरुण आणि बरेचसे कारण न सापडलेले. तरुण रुग्णाला काही महिने देऊन बघणं गैर नाही. फरक नसेल तर थांबवा.

स्वादुपिंड बिघडल्यामुळे झालेला मधुमेह वेगळा असतो का?

बराच. इथे इन्सुलिनबरोबर साखर वर आणणारं ग्लुकॅगॉनही कमी पडतं. म्हणून साखर चढते तशीच धाडकन पडते. सौम्य असेल तर मेटफॉर्मिन, पण बहुतेकांना पुढे इन्सुलिन लागतं. घरातल्या दुसऱ्या मधुमेह्याची गोळी उचलून घेऊ नका. व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांसारख्या नावात ‘ग्लिप्टिन’ असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात, पण स्वादुपिंडाची सूज होऊन गेलेल्यांनी त्या टाळाव्यात असाच सल्ला दिला जातो. ‘ग्लिफ्लोझिन’वाल्या गोळ्यांनी, इन्सुलिन फार कमी असेल तर, साखर फार न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं.

एक गोष्ट सहज निसटते. एन्झाइम सुरू केली की अन्न अंगी लागायला लागतं आणि साखर वाढते. औषध बाधलं असं समजून लोक एन्झाइम बंद करतात. बंद करू नका, इन्सुलिनची मात्रा पुन्हा बसवून घ्या. याच्या उलट, इन्सुलिन टोचलं पण एन्झाइम विसरली, तर अन्न न पचल्याने साखर पडू शकते. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

गाठ दिसली आहे, डॉक्टर ‘स्टेरॉइडने विरघळेल’ म्हणतात. असं होतं?

एका आजारात होतं: स्वप्रतिकारामुळे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने) आलेली सूज, जिच्यात बहुधा रक्तातलं आयजीजी४ हे प्रतिपिंड वाढतं. प्रेडनिसोलोन दिवसाला दर किलो ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम, चार आठवडे. नंतर दर एक-दोन आठवड्यांनी ५ मिलिग्रॅम कमी. पंधरा दिवसांत स्कॅनमध्ये फरक दिसायला हवा. नाही दिसला तर निदानच चुकलं असेल.

पण त्याआधी कर्करोग नाही याची खात्री हवी. मुंबईत तिसरी शक्यताही धरावी लागते, क्षयाची गाठ. ती स्कॅनमध्ये हुबेहूब कर्करोगासारखी दिसू शकते. क्षय असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो पसरतो. म्हणून एंडोस्कोपीच्या सोनोग्राफीतून सुई घालून तुकडा, क्षयाची तपासणी आणि हिपॅटायटिस बी, हे आधी.

कर्करोगात केमोने नक्की किती फरक पडतो?

गोड बोलून उपयोग नाही, आकडेच देतो. पसरलेल्या आजारात एकट्या जेमसायटाबिनने निम्मे रुग्ण ६.८ महिन्यांच्या पुढे जगले, तर फॉल्फिरिनॉक्स या चार औषधांच्या जोडणीने ११.१ महिन्यांच्या पुढे. हे २०११ चं. जेमसायटाबिनसोबत नॅब-पॅक्लिटॅक्सेल दिलं तेव्हा ८.५ महिने, २०१३ चं. शस्त्रक्रिया होऊ शकलेल्यांत चित्र बरंच वेगळं आहे: नंतर सुधारित फॉल्फिरिनॉक्स दिलेल्यांत ५४ महिने, नुसत्या जेमसायटाबिनने ३५, हे २०१८ चं. बीआरसीए जनुकात जन्मजात दोष असेल तर ओलापॅरिबच्या गोळ्यांनी आजार थोपून राहण्याचा काळ वाढतो, म्हणून प्रत्येक रुग्णाची ही जनुकीय तपासणी विचारून घ्या.

फॉल्फिरिनॉक्स दर १४ दिवसांनी. शेवटचं औषध, ५-एफयू, ४६ तास पंपाने हळूहळू जातं. त्यासाठी छातीत त्वचेखाली पोर्ट (शिरेला जोडलेली छोटी डबी) बसवतात आणि पंप घेऊन घरी सोडतात. गर्दीच्या वेळची लोकल त्या दोन दिवसांत टाळा, नळी ओढली जाते. ऑक्झालिप्लॅटिनने काही दिवस गार काहीही सहन होत नाही, फ्रिजचं पाणी, एसीचा झोत, धातूचा गार नळ. घसा आवळल्यासारखा वाटतो, पण गरम पाण्याने निवळतो. इरिनोटेकानने जुलाब होतात: लोपेरामाइड आधी ४ मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी २, बारा तास जुलाब न होईपर्यंत. कावीळ उतरली नसताना इरिनोटेकान धोक्याचं, म्हणून आधी स्टेंट, म्हणजे पित्तनलिका मोकळी ठेवणारी नळी.

आणि ताप. १००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे त्याच तासाला रुग्णालय. पावसाळ्यात ‘घरात सगळ्यांनाच व्हायरल आहे’ म्हणून पॅरासिटामॉलवर रात्र काढू नका. पांढऱ्या पेशी पडल्या असतील तर सकाळपर्यंत उशीर होतो.

एका पायाला सूज आली तर रक्ताची गुठळी असू शकते, या कर्करोगात ती वारंवार होते. आणि एन्झाइमच्या कॅप्सूल इथेही लागतात. केमोच्या धांदलीत त्या लिहायच्या राहून जातात. वजन उतरत असेल तर स्वतः विचारा.

‘न्यूरोएंडोक्राइन’ गाठ म्हणजे तोच कर्करोग का?

नाही. ही स्वादुपिंडातल्या संप्रेरकं (हार्मोन) बनवणाऱ्या पेशींची गाठ, बहुतेकदा पुष्कळ संथ. महिन्यातून एकदा ऑक्ट्रिओटाइड ३० मिलिग्रॅम किंवा लॅनरिओटाइड १२० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, गोळ्यांत एव्हरोलिमस १० किंवा सुनिटिनिब ३७.५ मिलिग्रॅम, आणि काहींना ल्युटेशियम-१७७ चा किरणोत्सर्गी उपचार. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये तो दिला जातो. इन्सुलिन सोडणाऱ्या गाठीत साखर पडू नये म्हणून डायाझॉक्साइड देतात.

खर्च कसा भागवायचा?

भरती, शस्त्रक्रिया आणि केमोसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी भरतीच्या दिवशीच करा, त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. बिल भरून झाल्यावर धावपळ केली तर हाती फारसं लागत नाही. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत आणि जेजेत पोटविकारांची ओपीडी आहे, टाटात समाजसेवा विभाग. पॅन्टोप्रॅझोल, मेटफॉर्मिन, प्रिगॅबालिन जनऔषधी दुकानात बऱ्याच स्वस्तात मिळतात.

आयुर्वेदिक काढा सोबत चालेल का?

डॉक्टरांना नाव सांगून. इन्सुलिन, एन्झाइम आणि केमो थांबवून नव्हे. घटक न लिहिलेल्या पुड्या आणि भस्मं किडनी-यकृताला बाधू शकतात, आणि केमोत बाधलं तर दोष कोणाचा हे कळतही नाही.

गणपतीला दहा दिवस कोकणात जायचंय. तयारी काय?

एन्झाइम गावच्या दुकानात मिळतील हे गृहीत धरू नका. दिवस मोजा, त्यावर आठवड्याचा जादा साठा, आणि दोन वेगळ्या बॅगांत. डिस्चार्ज कार्ड, शेवटचा सीटी रिपोर्ट आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये. इन्सुलिनचं न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये. चालू पेन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं, वीज गेली तर प्लास्टिकच्या डबीत घालून ती ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात. प्रवासात बर्फाला पेन थेट टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं. आणि नैवेद्याच्या ताटाला दोन कॅप्सूल धरल्या असतील, तर खोबऱ्याच्या सारणाचे दोन उकडीचे मोदक वर तूप सोडून घेताना तिसरी काढून ठेवा.